डिशवॉशरचा डिटर्जंट डोस पुन्हा पुन्हा का बिघडतो: स्वस्त सेन्सर लावलेल्या यंत्राची तपासणी

चाकण परिसरातील एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये हूड वर-खाली होणारे डिशवॉशर आहे आणि त्याच्या डिटर्जंट पंपाला आम्ही स्वतः जुळवलेले नियंत्रण जोडलेले आहे. त्यात पाण्याची वाहकता (त्यातून वीज किती सहज जाते ते) मोजणारा प्रोब, तापमानाचा सेन्सर, ईएसपी-३२ बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा संगणक-बोर्ड) आणि पंप चालू-बंद करणारा रिले एवढेच भाग आहेत. धुण्याची टाकी ३० लिटरची आहे. प्रत्येक फेरीच्या शेवटी ताटे विसळणारे सुमारे ३ लिटर गरम पाणी त्याच टाकीत उतरते आणि तेवढेच जुने पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जाते, म्हणजे दर फेरीला टाकीतील डिटर्जंट एक दशांशाने पातळ होत जाते. पंप बंद ठेवून सलग सात फेऱ्या काढल्या तर डिटर्जंट निम्म्याहूनही कमी उरते. ही घट वेळच्या वेळी भरून काढणे एवढेच या नियंत्रणाचे काम आहे, आणि नेमके तेच दर दहा-बारा दिवसांनी बिघडत होते.

तक्रार प्रथम भांडी घासणाऱ्या मावशींकडून आली आणि ती इतकी नेमकी होती की त्याच दिवशी तिच्याकडे नीट लक्ष दिले असते तर पुढचे चार महिने वाचले असते. त्या म्हणाल्या, ‘सकाळची ताटं बुळबुळीत लागतात, संध्याकाळची चरचरीत, पण पांढरट. आणि वाट्यांच्या कडेला हळदीचं तेल राहतंच.’ एकाच यंत्रात एकाच दिवशी सकाळी डिटर्जंट जास्त आणि संध्याकाळी कमी पडत होते. आम्ही मात्र त्या वाक्याचा अर्धाच भाग ऐकला. पहिल्या खेपेला प्रोब स्पंजने पुसला, आठवडाभर सारे सुरळीत चालले. दुसऱ्या खेपेला पांढरट थर पाहून कोणीतरी सेट पॉइंट (वाहकता ज्या आकड्याखाली उतरली की पंप चालू होतो तो) वाढवला. तिसऱ्या खेपेला ताटे बुळबुळीत लागतात म्हणून दुसऱ्या पाळीतील कोणीतरी तो कमी केला. मग बोर्ड बदलला, मग डिटर्जंटचा पुरवठादार बदलला. या साऱ्या काळात सेट पॉइंट किती वेळा हलला याची नोंद कोणाकडेच नव्हती, आणि बिघाड परत परत येण्याचे अर्धे कारण तेच होते: प्रत्येक दुरुस्ती मागच्या दुरुस्तीने केलेल्या चुकीवर चढवलेली होती.

म्हणून या लेखात सांगितलेली पहिली सूचना सर्वांत कंटाळवाणी आहे. टाकीतील क्षारता, म्हणजे तेल तोडणाऱ्या अल्कलीचे प्रमाण, रसायनाने मोजून पाहिल्याशिवाय (रीत शेवटी दिली आहे) सेट पॉइंटला हात लावू नये. सेट पॉइंटचा आकडा आज जो आहे तो यंत्राच्या झाकणावर खडूने लिहून ठेवावा आणि मगच तपासणीला लागावे.

आधी डाग ओळखा

ताटावर पांढरे दिसले की आपण एकदम क्षाराचे नाव घेतो, पण पांढऱ्या थराचे निदान तीन प्रकारे होऊ शकते. कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर घेऊन थर पुसावा. थर विरघळला तर तो बहुधा जड पाण्याचा चुना आहे. साध्या ओल्या बोटानेच तो निघाला आणि बोट बुळबुळीत लागले, तर विसळणे अपुरे आहे किंवा डिटर्जंट जास्त पडले आहे. काचेच्या पेल्यावरचा धुरकटपणा कशानेच जात नसेल तर काच झिजलेली आहे, आणि तो दोष कोणत्याही सेन्सरने परत भरून निघणार नाही.

डिटर्जंट ताटावर राहिले आहे का, हे पाहण्यासाठी मला हळदीइतके सोयीचे दुसरे काही सापडलेले नाही. हळदीच्या डागावर साबण पडला की तो लाल होतो, हे घराघरांत माहीत असते. हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा रंग येतो तोही याच गुणामुळे. गाळण कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवून ठेवाव्यात. धुऊन निघालेल्या ताटावरचा थेंब पट्टीवर टेकवावा आणि शेजारी विसळण्याच्या नुसत्या पाण्याचा थेंब टेकवावा. ताटावरच्या थेंबाने पट्टी लालसर झाली आणि नुसत्या पाण्याने झाली नाही, तर ताटावर अल्कली उरली आहे. ही तुलना आवश्यक आहे, कारण बोअरचे तापवलेले पाणी स्वतःच किंचित अल्कधर्मी असू शकते. डिटर्जंटमध्ये क्लोरीन असेल तर मात्र ते हळदीचा रंगच उडवते, तेव्हा पट्टी फिकट पडली म्हणून समाधान मानू नये.

याच गुणाचा दुसरा उपयोग मावशींना आमच्याआधी ठाऊक होता. टाकीतील पाणी लालसर तपकिरी आहे तोवर ताटे स्वच्छ निघतात. ते आमटीसारखे पिवळे दिसू लागले की अल्कली संपत आलेली असते. बोर्डावरचा आकडा त्या वेळी ठणठणीत ‘पुरेसे’ म्हणत होता, आणि या तफावतीत सगळे उत्तर होते.

प्रोब काय मोजतो

वाहकतेचा प्रोब डिटर्जंट मोजत नाही. दोन इलेक्ट्रोडांमधल्या पाण्यातून वीज किती सहज जाते एवढेच तो मोजतो, आणि वीज वाहून नेणारा आयन (विद्युतभार असलेला कण) डिटर्जंटमधून आला, बोअरमधून आला की लोणच्यातून आला याच्याशी त्याला कर्तव्य नसते. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर शुद्ध पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवला तर वाहकता सुमारे ६ मिलीसीमेन्स प्रति सेंटिमीटर येते. त्याऐवजी १ ग्रॅम खाण्याचे मीठ घातले तर सुमारे २ येते. (यापुढे आकड्यांबरोबर केवळ मिलीसीमेन्स असे लिहिले आहे.) आमच्या ३० लिटरच्या टाकीत दुपारच्या जेवणाच्या ताटांबरोबर आमटी, भाजी, लोणचे, पापड यांतून ३० ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे पाच चमचे, उतरले की प्रोबला २ मिलीसीमेन्सची खोटी वाढ दिसते. आमच्या डिटर्जंटची योग्य मात्रा मिळून वाहकतेत पडणारी भरच मुळात तीनेक मिलीसीमेन्सची असल्याने ही चूक क्षुल्लक नव्हे.

त्यात तेलाची भर पडते. कॉस्टिकचा तेलाशी संयोग होऊन साबण बनतो, तेव्हा विजेच्या दृष्टीने या पाण्यात सर्वांत चपळ असलेला हायड्रॉक्साइड आयन खर्च होतो, पण सोडियम टाकीतच राहतो. वाहकता उतरते, मात्र अल्कली जितकी संपली तितकी उतरत नाही. संध्याकाळच्या पाळीला टाकीत मीठ आणि साबण भरपूर, कॉस्टिक थोडे आणि आकडा सेट पॉइंटच्या वर, अशी स्थिती येते व पंप गप्प बसतो.

पाण्याचा स्रोत बदलला की हाच दोष दुप्पट होतो. आमच्याकडे नळाचे पाणी ०.३ मिलीसीमेन्सच्या आसपास असते. उन्हाळ्यात टँकर आला की तेच १.८ पर्यंत जाते, कारण टँकर बोअरवर भरलेला असतो. भारतीय मानक १०५०० पिण्याच्या पाण्यातील विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम ठेवते आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सूट देते, म्हणजे पिण्यास चालणाऱ्या पाण्यातही चौपट फरक संभवतो. टँकरच्या दिवशी प्रोब आधीच दीड मिलीसीमेन्स जास्त दाखवतो, म्हणून डिटर्जंट कमी पडते. आणि त्याच दिवशी पाणी जड असल्याने डिटर्जंट जास्त लागत असते.

सॉफ्टनर लावला आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांसाठी एक खुलासा करावा लागेल, कारण हा गैरसमज मी अनुभवी माणसांकडूनही ऐकला आहे. सॉफ्टनर पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. आयनांची एकूण बेरीज जवळपास तेवढीच राहते, त्यामुळे सॉफ्टनरच्या आधीचे आणि नंतरचे पाणी टीडीएस मीटरला (वाहकतेवरून विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरला) सारखेच दिसते. सॉफ्टनरमधले रेझिन (ही अदलाबदल करणारे दाणे) संपले, मिठाचा डबा रिकामा झाला, तरी वाहकतेच्या सेन्सरला त्याचा पत्ता लागत नाही. जडपणा पाहायचा तर थेंब टाकून रंग बदलणारे हार्डनेस किट रोज सकाळी वापरावे. त्याला दोन मिनिटे लागतात.

बोर्ड, प्रोब की जोडणी

आता यंत्राकडे वळू. सर्वांत स्वस्त आणि सर्वत्र मिळणारा टीडीएस बोर्ड १००० पीपीएमपर्यंतच (लिटरमागे १००० मिलिग्रॅम) मोजतो, म्हणजे साधारण २ मिलीसीमेन्सपर्यंत, आणि त्याच्या प्रोबला ५५ अंशांहून गरम पाणी चालत नाही, असे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते. धुण्याच्या टाकीचे तापमान ५५ ते ६५ अंश आणि वाहकता त्याच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक असते. मत्स्यपेटीसाठी बनवलेला हा बोर्ड डिशवॉशरला लावला की आकडा कमाल मर्यादेला चिकटून बसतो आणि तो स्थिर दिसत असल्याने आपण त्यावर विश्वास ठेवतो. आमचा पहिला बोर्ड हाच होता, हे येथे कबूल करतो.

दोष बोर्डात आहे की प्रोबमध्ये हे ठरवण्यासाठी प्रोब काढून त्याच्या जागी साधे रेझिस्टर लावावेत. प्रोबचा सेल स्थिरांक (इलेक्ट्रोडांच्या अंतरावर व आकारावर ठरणारा आकडा) १ असेल तर ४ मिलीसीमेन्सचे पाणी बोर्डाला २५० ओहमसारखे दिसते, १० मिलीसीमेन्सचे १०० ओहमसारखे आणि २ मिलीसीमेन्सचे ५०० ओहमसारखे. तापमान भरपाई (वाचलेला आकडा २५ अंशांच्या हिशेबात बदलणे) बंद ठेवून १००, २२० आणि ४७० ओहमचे रेझिस्टर एकामागून एक जोडावेत व स्क्रीनवर अनुक्रमे १०, ४.५ आणि २.१ च्या जवळचे आकडे येतात का ते पाहावे. आले तर बोर्ड निर्दोष आहे. काही रुपयांच्या या तीन रेझिस्टरांनी आमच्या दुसऱ्या बोर्डात दोष नाही हे सिद्ध केले.

ईएसपी-३२ वापरणाऱ्यांनी येथे आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. वाय-फाय चालू असताना या चिपच्या दुसऱ्या एडीसीला (व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाला) जोडलेल्या पिना वापरता येत नाहीत, त्यामुळे घरी टेबलावर उत्तम चालणारा प्रोग्राम कॅन्टीनच्या नेटवर्कला जोडताच विचित्र आकडे देऊ लागतो. शिवाय पहिल्या एडीसीचे मापनही दोन्ही टोकांना सरळ रेषेत नसते. एडीएस१११५ हा १६ बिटांचा वेगळा कन्व्हर्टर लावला की दोन्ही प्रश्न मिटतात.

रेझिस्टरची चाचणी पार पडल्यावर प्रोब परत जोडावा आणि प्लॅस्टिकच्या मगाची चाचणी करावी. टाकीतील आकडा लिहून घ्यावा, त्याच टाकीचे पाणी प्लॅस्टिकच्या मगात भरून प्रोब लगेच त्यात बुडवावा आणि पुन्हा आकडा पाहावा. पाणी तेच, तापमान जवळपास तेच, तेव्हा आकडाही तोच यायला हवा. आमच्याकडे टाकीत ५.१ आणि मगात ३.९ येत होते. टाकी स्टीलची आणि अर्थिंगला जोडलेली, बोर्डाचा पुरवठा त्याच अर्थिंगशी कुठेतरी जुळलेला. त्यामुळे प्रोबमधील काही वीज समोरच्या इलेक्ट्रोडकडे न जाता टाकीच्या भिंतीत जात होती आणि पाणी आहे त्याहून अधिक वाहक भासत होते. प्रोबच्या सर्किटला विलगीकरण असलेला (अर्थिंगशी विजेचा संबंध न ठेवणारा) छोटा डीसी-डीसी पुरवठा दिल्यावर दोन्ही आकडे जुळले. टाकीची अर्थिंग काढून हा दोष ‘दुरुस्त’ करण्याचा सल्ला काही जण देतात. हीटर आणि ओले हात एकत्र असलेल्या ठिकाणी तो जीवघेणा आहे.

प्रोबला सरळ डीसी व्होल्टेज दिलेले असेल तर इलेक्ट्रोडांवर बुडबुडे आणि थर जमतात व आकडा काही मिनिटांतच घसरू लागतो. एक-दोन किलोहर्ट्झची उलटसुलट होणारी लहर आणि मालिकेत एक कपॅसिटर हवाच. दोन पाठोपाठच्या वाचनांत आकडा सतत एकाच दिशेने सरकत असेल, तर येथे संशय घ्यावा.

यानंतर उरतो तो प्रोबवरचा थर, आणि दर दहा-बारा दिवसांनी परतणारा बिघाड बहुतेक ठिकाणी हाच असतो. चुना किंवा चरबीचा थर बसला की आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो आणि नियंत्रण अधिकाधिक डिटर्जंट ओतत राहते. स्पंजने चरबी जाते, चुना जात नाही. प्रोब यंत्राबाहेर काढून, पाण्याने धुऊन, १० टक्के सायट्रिक आम्लाच्या कोमट द्रावणात पंधरा मिनिटे ठेवावा व पुन्हा धुवावा. आम्ल टाकीत कधीही ओतू नये. डिटर्जंट क्लोरीनयुक्त असेल तर आम्लाशी संयोग होऊन विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि हूडखाली वाकलेल्या माणसाच्या तोंडावर तो थेट येतो.

प्रोब स्वच्छ झाल्यावर तो खात्रीच्या द्रावणात तपासावा. ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडची वाहकता २५ अंशांना १२.८८ मिलीसीमेन्स आणि ०.०१ मोलरची १.४१३ असते, ही दोन्ही द्रावणे तयार बाटलीत मिळतात. आपली कामाची कक्षा या दोहोंच्या मधोमध येते, म्हणून दोन्ही बिंदूंवर पडताळणी करावी, एकावर भागवू नये.

खर्चाबाबत माझे मत स्पष्ट आहे: बोर्ड स्वस्त चालतो, प्रोब स्वस्त चालत नाही. व्यावसायिक डोसिंग यंत्रांसाठी सुटा मिळणारा, गरम अल्कली सोसणारा प्रोब घ्यावा आणि तो आपल्या साध्या बोर्डाला जोडावा. मत्स्यपेटीच्या प्रोबचे प्लॅस्टिक ६० अंशांच्या कॉस्टिकमध्ये काही आठवड्यांत भेगाळते आणि पाणी आत शिरते. असा प्रोब कितीही वेळा स्वच्छ केला तरी पुन्हा भरकटतो.

सकाळी जास्त का पडते

पाणी तापले की त्याची वाहकता दर अंशाला सुमारे २ टक्क्यांनी वाढते. २५ अंशांच्या तुलनेत ४० अंशांना ती ३० टक्के अधिक आणि ६० अंशांना ७० टक्के अधिक होते. सकाळी सहा वाजता टाकी भरली जाते, पाणी ४० अंशांवर असतानाच घाईने पहिली फेरी सुरू होते, आणि भरपाई नसेल तर नियंत्रणाला डिटर्जंट फार कमी आहे असे वाटते. ते भराभर ओतते. अर्ध्या तासाने टाकी ६० अंशांना पोहोचते तेव्हा आकडा सेट पॉइंटच्या पुष्कळ वर गेलेला असतो, पण पडलेले डिटर्जंट कोणी परत काढू शकत नाही. सकाळच्या बुळबुळीत ताटांचा उलगडा येथे झाला.

आमच्या प्रोग्राममध्ये तापमान भरपाई होती, असे आम्ही छातीठोक सांगत होतो. डीएस१८बी२० हा सेन्सर त्यासाठी लावला होता. या सेन्सरची एक खोड अशी की वीज मिळाल्यावर पहिले मापन पूर्ण होण्याआधी त्याला विचारले तर तो ८५ अंश हे ठरीव उत्तर देतो. १२ बिटांच्या अचूकतेला एका मापनास ७५० मिलिसेकंद लागतात. पंपाचा रिले उघडझाप करताना क्षणभर पुरवठा दबत होता, सेन्सर नव्याने सुरू होत होता आणि ८५ सांगत होता. इतर कोणत्याही यंत्रात हा आकडा पाहून कोणीही दचकले असते. डिशवॉशरमध्ये विसळण्याच्या पाण्याचे तापमानच ८२ ते ८५ अंश असते, म्हणून नोंदवहीत तो महिनोन्‌महिने खपून गेला. नियंत्रण ८५ अंश धरून भागाकार करी, वाहकता खऱ्यापेक्षा कितीतरी कमी ठरे आणि पंप आणखी चाले. पंप चालल्यामुळे सेन्सर चुकत होता आणि सेन्सर चुकल्यामुळे पंप चालत होता. अचूक ८५.० आल्यास ते वाचन टाकून द्यावे, तसेच तार तुटल्याची खूण म्हणून प्रोग्रामला मिळणारे उणे १२७ सुद्धा टाकून द्यावे. पंपाला वेगळा पुरवठा द्यावा, डीसी मोटरवर उलटा डायोड लावावा आणि सेन्सरच्या पायांशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा.

भरपाईचा गुणांक (दर अंशाला किती टक्के) आपल्या डिटर्जंटला लागू आहे का, हे पाहण्याची पद्धत साधी आहे. ताटे न घालता टाकीत योग्य मात्रेचे द्रावण भरावे, पंप बंद ठेवावा आणि पाणी ३५ वरून ६० अंशांपर्यंत तापू द्यावे. भरपाई केलेला आकडा या काळात सपाट राहिला पाहिजे. चढत गेला तर गुणांक थोडा वाढवावा, उतरत गेला तर कमी करावा.

पंप आणि मिसळण

डोसिंगचा पेरिस्टाल्टिक पंप रबरी नळी रोलरने दाबत द्रव पुढे ढकलतो. नळी थकली की ती पूर्ववत फुगत नाही आणि दर मिनिटाचा प्रवाह हळूहळू घटतो. वरून पाहता पंप फिरतच असतो. महिन्यातून एकदा त्याच डिटर्जंटवर एक मिनिट पंप चालवून मोजपात्रात किती मिलिलिटर पडले ते लिहावे. आमचा पंप नवा असताना ५० मिलिलिटर देत होता. तो ४० च्या खाली आला की नळी बदलतो. हे करताना हातमोजे आणि चष्मा असलाच पाहिजे, कारण मूळ डिटर्जंट डोळ्यात उडाले तर इजा कायमची होऊ शकते. पंप फिरतो आणि काहीच पडत नाही असे झाले, तर कॅनच्या तळाशी असलेली गाळणी तुंबली आहे किंवा नळी द्रवाच्या वर राहून हवा ओढते आहे, हे आधी पाहावे.

प्रोबची जागाही महत्त्वाची आहे. डिटर्जंट पडते त्या तोंडाशेजारी प्रोब असेल तर त्याला थेंब पडताच टाकी भरल्यासारखी वाटते. कोपऱ्यात पाणी न हलणाऱ्या ठिकाणी असेल तर बातमी उशिरा पोहोचते व तोवर पंप जास्त ओतून बसतो. पाण्याच्या पृष्ठभागाजवळ असेल तर फेस आणि बुडबुडे आकडा पाडतात. पंप केवळ धुण्याची मोटर चालू असताना चालवावा, एका वेळी तीन सेकंदांपेक्षा अधिक नाही, आणि पुढचे वाचन घेण्याआधी वीस सेकंद थांबावे. आमचे सुरुवातीचे नियंत्रण दर सेकंदाला निर्णय घेत होते. इतक्या घाईची या कामाला गरजच नाही.

मग सेट पॉइंट कसा ठरवायचा

टाकीचे १० मिलिलिटर पाणी घेऊन थंड करावे, क्लोरीनचा डिटर्जंट असल्यास सोडियम थायोसल्फेटचे एक-दोन स्फटिक घालावेत, फिनॉल्फ्थॅलीन या रंगसूचकाचे दोन थेंब टाकावेत. पाणी गुलाबी होते. आता ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल सिरिंजने थोडे थोडे घालत गुलाबी रंग जाईपर्यंत किती मिलिलिटर लागले ते पाहावे. प्रत्येक मिलिलिटर म्हणजे लिटरमागे ०.४ ग्रॅम कॉस्टिक. डिटर्जंटमधील कार्बोनेटही यात अंशतः मोजला जातो, तरी तुलनेसाठी ही मोजणी उत्तम आहे. प्रथम ताज्या पाण्यात पुरवठादाराने सांगितलेल्या मात्रेचे द्रावण वजन करून बनवावे, त्याला किती आम्ल लागते ते पाहावे आणि तो आकडा लक्ष्य मानावा. मग सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी टाकीतील पाणी याच रीतीने तपासावे. आमच्याकडे लक्ष्य १.१ मिलिलिटर होते. सकाळी सातला टाकीने २.३ घेतले आणि संध्याकाळी सातला ०.४, दोन्ही वेळी स्क्रीनवर वाहकता जवळपास सारखीच होती.

हे पाहिल्यावर आम्ही नियंत्रणाची रीतच बदलली. मुख्य डोस आता फेऱ्या मोजून दिला जातो. दर फेरीला ३ लिटर नवे पाणी येते, लिटरला २ ग्रॅम डिटर्जंट लागते, म्हणजे ६ ग्रॅम, आमच्या घट्ट द्रवाचे सुमारे ५ मिलिलिटर, म्हणजे पंपाचे ६ सेकंद. हे तीन-तीन सेकंदांच्या दोन टप्प्यांत देतो. पाणी खरोखर किती आले हे मोजण्यासाठी वायएफ-एस२०१ हा प्रवाह सेन्सर विसळण्याच्या बूस्टरकडे (विसळण्याचे पाणी तापवणाऱ्या टाकीकडे) जाणाऱ्या थंड नळीवर बसवला आहे. गरम बाजूला तो लावू नये, तो ८० अंशांपलीकडे टिकणारा नाही. वाहकतेचा प्रोब आता फक्त सकाळच्या पहिल्या भरणीला आणि राखणीला आहे: दर दिवशी नुसत्या पाण्याची वाहकता मोजून ती वजा करायची, आणि मोजलेल्या फेऱ्यांवरून अपेक्षित असलेला आकडा व प्रत्यक्ष आकडा यांत दीड मिलीसीमेन्सपेक्षा अधिक अंतर पडले तर पंप न चालवता घंटा वाजवायची. अंतर वरच्या बाजूला असेल तर मीठ व मळ साचला आहे, टाकी रिकामी करावी. खालच्या बाजूला असेल तर कॅन रिकामा, नळी थकलेली किंवा प्रोबवर थर.

प्रोबची सायट्रिक आम्लातली अंघोळ आता दर सोमवारी होते, बिघाडाची वाट न पाहता. सेट पॉइंट बदलण्याचे बटण आत, कुलपाखाली गेले आहे, आणि झाकणावर खडूऐवजी कागद चिकटवला आहे, ज्यावर तारीख, आम्लाचे मिलिलिटर आणि हार्डनेसचे थेंब एवढे तीनच रकाने आहेत.

बुधवारी मटण असते. त्या दिवशी दीडशे ताटांनंतर टाकीचे पाणी पिवळे पडते आणि फेऱ्या मोजून दिलेला डोस पुरत नाही, कारण चरबी अल्कली खाते आणि तिचा हिशेब पाण्याच्या लिटरांत बसत नाही. त्यावर आम्ही सेन्सर शोधत बसलो नाही. त्या दिवशी दोन पाळ्यांच्या मधे टाकी पूर्ण रिकामी करून गाळण्या धुतो आणि पुन्हा भरतो. वेळ झाली हे मावशी पाण्याचा रंग पाहून सांगतात.